क्लायमॅक्स नावाचा मधला माणूस

'विषयबाह्य.' तांबड्या शाईने लिहिलेला आणि खाली दोन रेघा ओढलेला हा शब्द ज्या निबंधावर आहे, तो निबंध माझ्या टेबलाच्या खणात अजून पडून आहे. चरित्र-आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यार्थ्यांना एका व्यक्तीची कारकीर्द लिहून आणायला सांगितली होती. बहुतेकांनी अपेक्षित तेच केले. समाजसुधारक आले, दोन संत आले, एक क्रिकेटपटू आला. मुळशी तालुक्यातल्या चांदे गावाहून येणाऱ्या एका मुलाने मात्र आंद्रेआ पिर्लो या इटालियन फुटबॉलपटूवर बारा पाने लिहिली. पहिले वाचन एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी केले. वीसपैकी सहा गुण, शेजारी तो शब्द, आणि खाली सल्ला : 'मराठी मातीतील व्यक्ती निवडावी.' नियमाप्रमाणे दुसरी सही माझी होती आणि ती मी केली. पुढे जे काही लिहिणार आहे ते वाचताना ही सही वाचकांनी लक्षात ठेवावी. निर्दोषपणाचा आव मला आणता येणार नाही.

आधी सही करायची आणि मग निबंध वाचायचा, हा आमच्या व्यवसायातला प्रचलित क्रम. त्याप्रमाणे मी नंतर वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर थबकले. २००१ साली ब्रेशिया संघात पिर्लोची हक्काची जागा, म्हणजे आघाडीवीरांच्या मागची जागा, रॉबेर्तो बॅजिओकडे होती. प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी या तरुणाला तिथून उचलून पार मागे, स्वतःच्या बचावफळीच्या पुढ्यात उभे केले. वरवर पाहता ही पीछेहाटच. पण तिथे उभे राहिल्यावर सगळे मैदान त्याच्या समोर आले. आधी ज्या गर्दीत तो खेळत होता ती गर्दी आता त्याला वाचता येऊ लागली. आमच्या विद्यार्थ्याने हे सगळे एका परिच्छेदात, एकही विशेषण न वापरता लिहिले होते. पुढे २००६ च्या विश्वचषकातला जर्मनीविरुद्धचा उपान्त्य सामना. एकशे एकोणिसावे मिनिट. चेंडू पायात आल्यावर पिर्लो फटका मारत नाही, पासही देत नाही. तो पेनल्टी क्षेत्राच्या कडेने आडवा चालू लागतो, बचावपटू त्याच्याबरोबर सरकतात, आणि त्यांनी सोडलेल्या फटीतून, त्या बाजूला न पाहता, तो चेंडू ग्रोसोकडे सरकवतो. गोल ग्रोसोच्या नावावर लागतो. त्या आडव्या चालण्यावर या मुलाने अख्खे पान खर्च केले होते. 'अवकाश' हा शब्द आम्ही नवकवितेच्या समीक्षेतून शिकवतो. याला तो मैदानावर कळला होता.

मी त्याला बोलावून विचारले, "अरे, पिर्लोच का? आपल्याकडचा कुणी सुचला नाही?"

"मॅडम, आधी क्लायमॅक्स लॉरेन्सवरच लिहायचं होतं. दोन दिवस शोधलं. जन्मसाल मिळालं, संघांची नावं मिळाली, एक गोल मिळाला. एवढ्यात एक पानही होत नाही. पिर्लोचं अख्खं पुस्तक आहे."

त्याच्या या उत्तरामुळे हा लेख लिहिते आहे. आमच्या सहकाऱ्यांना तो मुलगा परक्या मातीत भरकटलेला दिसला. प्रत्यक्षात तो आपल्याच मातीत दोन दिवस खणत होता आणि त्याला तिथे काही सापडले नव्हते. यात दोष त्या मुलाचा की मातीची राखण करणाऱ्यांचा, हे आपण मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा ठरवले पाहिजे.

क्लायमॅक्स लॉरेन्स १९७९ च्या जानेवारीत गोव्यात जन्मला. पिर्लो त्याच वर्षी मे महिन्यात, ब्रेशियाजवळच्या फ्लेरो या गावात. दोघेही मधल्या फळीचे, दोघेही बचावफळीच्या पुढ्यात उभे राहून खेळणारे. इथेच सांगून टाकते की या दोघांना एका तराजूत घालण्याचा माझा इरादा नाही. पिर्लो विश्वविजेत्या संघाचा कणा होता आणि क्लायमॅक्सचा भारत विश्वचषकाच्या दारापर्यंतही पोहोचला नाही. खेळाच्या गुणवत्तेचे अंतर प्रचंड आहे. मला बोलायचे आहे ते लेखनाच्या अंतराविषयी, आणि ते खेळाच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे.

साळगावकर संघातून पुढे आलेला क्लायमॅक्स २००३ नंतर जवळजवळ दशकभर धेंपो स्पोर्ट्स क्लबकडून खेळला. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखालच्या या संघाने २००४-०५ ते २०११-१२ या आठ मोसमांत पाच वेळा देशाचे साखळी विजेतेपद जिंकले. पहिली दोन राष्ट्रीय फुटबॉल लीगची, नंतरची तीन आय-लीगची. २००८ मध्ये हा संघ एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीत गेला. भारतीय क्लब फुटबॉलच्या त्या कालखंडाला धेंपोचा कालखंड म्हटले तर कुणी हरकत घेणार नाही. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक ही त्यातली आणखी काही नावे. क्लायमॅक्स भारताकडून खेळला, काही काळ कर्णधार झाला, २०११ च्या जानेवारीत दोह्याच्या आशियाई चषकात २७ वर्षांनी उतरलेल्या भारतीय संघात होता, आणि २०१२ साली आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. त्याच २०१२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी धेंपोचे पाचवे विजेतेपद आले आणि तिकडे, मिलानने दहा वर्षांनंतर जाऊ दिलेल्या पिर्लोने युव्हेंटसला इटलीची लीग जिंकून दिली. दोन मधली माणसे, वय तेहतीस, आपापल्या देशाची लीग जिंकलेली. पिर्लोचे आत्मचरित्र पुढच्याच वर्षी आले. 'मी विचार करतो, म्हणून मी खेळतो' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे, आणि त्याची सुरुवात होते ती मिलानने निरोपादाखल दिलेल्या एका पेनापासून. साहित्याच्या माणसांना याहून वेगळे काय सांगू?

आता त्या 'एका गोल'कडे वळू, कारण क्लायमॅक्सविषयी शोधणाऱ्याच्या हाती हमखास लागते ते तेवढेच. २००८ चा एएफसी चॅलेंज चषक, हैदराबाद, प्रतिस्पर्धी अफगाणिस्तान. सामना गोलशून्य सुटणार असे दिसत असताना अगदी अखेरच्या क्षणी क्लायमॅक्सने गोल केला आणि भारत १-० ने जिंकला. पुढे दिल्लीतल्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ असे हरवून भारताने तो चषक आणि त्याबरोबर दोह्याचे तिकीट मिळवले. त्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक होती. सगळे खरे आहे, आणि आनंदाचेही आहे. पण जरा थांबून पाहा. ज्याचे आयुष्यभराचे काम समोरच्याचा हल्ला मोडणे आणि चेंडू सुरक्षितपणे पुढे पोहोचवणे हे होते, त्याची नोंद झाली ती त्याने आपले काम सोडून दुसऱ्याचे काम केले त्या एका क्षणाची. २०११-१२ च्या मोसमात धेंपोच्या रँटी मार्टिन्सने ३२ गोल केले हा आकडा कुठेही मिळतो. त्या ३२ गोलांच्या आधी चेंडू कुणी हिसकावला, कुणी दोन पावले मागे राहून जागा झाकली, कुणी बाराव्या मिनिटालाच समोरच्या संघाच्या मुख्य खेळाडूचा रस्ता बंद केला, याची मोजदाद नाही. ती आकड्यांत होऊही शकत नाही. तिला गद्य लागते, आणि गद्य हा आपला विषय आहे अशी निदान माझी समजूत होती.

त्या माणसाचे नावच क्लायमॅक्स असावे, हाही एक गमतीचा भाग. कथानकाचा उत्कर्षबिंदू म्हणून आपण जे फळ्यावर लिहितो ते नाव धारण करणाऱ्याने सबंध कारकीर्द कथानकाच्या मधल्या भागात काढली. आपले चरित्रलेखन मात्र नावाप्रमाणे चालते. त्याला शिखर हवे असते. बालपणीचे हाल, गुरूची भेट, एक मोठा अपयशाचा प्रसंग आणि मग शिखर. ज्याच्या आयुष्याला शिखर नाही, पठार आहे, आणि ते पठार वर्षानुवर्षे धरून ठेवणे हाच ज्याचा पराक्रम आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे साचा नाही. चरित्रांच्या शैलीवर प्रबंध होतात, चरित्र कुणाचे लिहिले गेले नाही यावर होत नाहीत.

भाषेपासूनच सुरुवात करू. इंग्रजी 'मिडफिल्डर'ला आपल्या वृत्तपत्रांनी 'मध्यरक्षक' हा शब्द रूढ केला. कुणी केला ठाऊक नाही, पण शब्द ऐटबाज आहे आणि अर्धा चुकीचा आहे. 'रक्षक' म्हटले की उभा राहणारा, अडवणारा, पहारा देणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मधल्या फळीतल्या माणसाचे दुसरे अर्धे काम, म्हणजे खेळाची गती ठरवणे, कोणत्या बाजूला वारे वाहणार हे ठरवणे, त्या शब्दात मावतच नाही. जुने खेळाडू साधा 'हाफ' म्हणत. त्यात निदान खोटा अर्थ तरी नव्हता. 'मधल्या फळीचा खेळाडू' हे लांबलचक आहे, तरी बरे. ज्या भाषेत कामाचे नावच अर्धे आहे, त्या भाषेत कामाचे वर्णन पुरे कसे होणार? परिभाषेवर चर्चासत्रे भरवणाऱ्या आम्हा मंडळींनी या शब्दाकडे कधी पाहिले नाही, कारण क्रीडापान हे आमच्या लेखी वर्तमानपत्राचे शेवटचे पान असते आणि आम्ही पुरवणीवर थांबतो.

आता 'मराठी माती'विषयी. 'चांदा ते बांदा' हा वाक्प्रचार आपण सगळ्या महाराष्ट्रासाठी वापरतो. (त्यातला चांदा म्हणजे चंद्रपूर, आमच्या विद्यार्थ्याचे चांदे नव्हे. त्याच्या गावाला वाक्प्रचारात अजून जागा मिळालेली नाही.) बांदा सावंतवाडी तालुक्यात, आणि बांद्याच्या पुढे गोवा सुरू होतो. मराठीचा वाङ्मयीन नकाशा आपण गरजेप्रमाणे बांद्याच्या पुढे नेतो. बा. भ. बोरकरांची कविता अभ्यासक्रमात घ्यायची असली की गोवा आपला. लॉरेन्स आडनावाच्या फुटबॉलपटूची कारकीर्द लिहायची वेळ आली की गोवा परका. हा नकाशा कुणी काढला? बरे, फुटबॉल हा खेळच मराठी नाही असे म्हणायचे असेल तर तसे म्हणणाऱ्याने एकदा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जाऊन पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या समर्थकांमध्ये उभे राहून ते वाक्य उच्चारावे. तिथल्या संघांच्या नावांतच तालीम आहे. कुस्तीच्या मातीशेजारी फुटबॉल रुजला आणि पेठापेठांच्या अस्मितेचा भाग झाला. त्याच कोल्हापुरातला अनिकेत जाधव पुण्यात तयार होऊन २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मराठी माती एवढी पुरेशी नसेल तर तिची व्याख्या करणाऱ्यांनी तिचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत.

आणि परका म्हणजे तरी किती परका? सूस ओलांडले की नांदे, नांद्याच्या पुढे चांदे. तिथून बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल मोटारसायकलच्या अंतरावर. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी या संघाने तिथे घर केले. या संघाशी इटलीच्या फिओरेंतिना क्लबची भागीदारी होती, प्रशिक्षक फ्रँको कोलोंबा इटालियन, बचावात ब्रुनो सिरिलो इटालियन, गोलपोस्टमध्ये एमानुएले बेलार्दी इटालियन. लहानपणी चुलतभावाच्या गाडीवर मागे बसून हा मुलगा ते सामने पाहायला जात असे. त्याच्या दृष्टीने इटालियन फुटबॉल पलीकडच्या गावात येऊन खेळत होता. त्या पहिल्या मोसमात गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज, तोही मधल्या फळीचाच, पुण्याच्या याच संघात होता. मुळशीतल्या पोराला पिर्लो सुचणे यात भरकटणे कुठे आहे? त्याने आपल्या परिसरातूनच तो विषय उचलला होता. आम्हालाच आमचा परिसर ठाऊक नव्हता.

त्या परिसराचे पुढे काय झाले तेही लिहिण्यासारखे आहे. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरलेला पुणे एफसी, एकच मोसम टिकलेला भारत एफसी, दोन मोसम आय-लीग खेळलेला डीएसके शिवाजियन्स, आणि २०१९ मध्ये ज्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली तो एफसी पुणे सिटी. साधारण एका दशकात या एका शहरातले चार व्यावसायिक संघ मावळले. गोव्यात २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी, सुपर लीगला वरचे स्थान देणाऱ्या आराखड्याचा निषेध म्हणून, आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपो परतला तो २०२४-२५ च्या मोसमात. २०२५ मध्ये खुद्द सुपर लीगच करारांच्या घोळात महिनोन्महिने लांबली. संघ बुडाला की पहिल्यांदा बुडतो तो मधल्या फळीचा खेळाडू. गोल करणाऱ्याचे आकडे त्याच्याबरोबर प्रवास करतात, परदेशी पाहुण्याला दुसरे शहर बोलावते. ज्याचे मोल त्याच्या अकरा जणांतल्या जागेत असते, त्याने दुसरीकडे जाताना सोबत काय न्यायचे? त्याच्याविषयी कुणी लिहिलेले असते तर निदान ते नेता आले असते. आमच्या ग्रंथालयातल्या चरित्रांच्या कपाटात फुटबॉलपटू एकही नाही. क्रिकेटची पुस्तके पुष्कळ आहेत, द्वारकानाथ संझगिरींची तर विद्यार्थी खरोखर वाचतात, आणि वाचावीत. मराठी क्रीडापत्रकारितेचा पाया घालणाऱ्या वि. वि. करमरकरांनी कबड्डी-खोखोसारख्या खेळांनाही पानावर मानाची जागा दिली होती. त्या परंपरेचा पुढचा मजला विद्यापीठांनी बांधायचा होता. आम्ही तळमजलाही पाहिला नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या स्टाफरूममध्ये आलाही : हे सगळे ठीक, पण खेळाडूच्या धावण्याचा साहित्याशी संबंध काय? उत्तरासाठी मैदानावर जायची गरज नाही. आपल्याच अभ्यासक्रमात डोकवावे. 'सत्यकथे'तून पुढे आलेले कथाकार आणि कवी आपण वर्षानुवर्षे शिकवतो. त्या लेखकांना परत पाठवलेली हस्तलिखिते, त्यांच्यावर केलेल्या खुणा, 'हा शेवट सोडा, दोन परिच्छेद आधी थांबा' असे सांगणारी पत्रे, हे काम करणारे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन मात्र आपल्या प्रश्नपत्रिकेत 'टीपा लिहा' यापलीकडे येत नाहीत. पटवर्धनांचे नाव विद्यार्थ्याला ठाऊक असलेच तर 'पाडस'च्या अनुवादामुळे, म्हणजे त्यांनी स्वतः मारलेल्या गोलामुळे. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली तेव्हा काय थांबले, हे गोल मोजणाऱ्या वाङ्मयेतिहासाला सांगता येत नाही. गंमत अशी की ज्यांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला त्यांचे भांडणही संपादकांशी होते. मधल्या माणसाचे वजन त्यांनी तरी ओळखले होते. आपण त्या दोन्ही पिढ्यांचे वारस म्हणवतो आणि मधले माणूसच वगळून इतिहास शिकवतो. क्लायमॅक्स लॉरेन्स आपल्याला दिसत नाही आणि राम पटवर्धन टिपेपुरते दिसतात, ही दोन वेगळी दुखणी नाहीत.

सहकारी माझ्यावर रागावतील. त्यांनी तांबड्या शाईत लिहिले, मी इथे लिहिते आहे, एवढाच फरक. ते व्यासंगी आहेत, विद्यार्थ्यांवर माया करणारे आहेत, आणि चरित्राविषयीची त्यांची कल्पना मी वर्गात पंधरा वर्षे शिकवत आलेल्या कल्पनेहून वेगळी नाही. गुण बदलावेत म्हणून मी अर्ज केला होता. निकाल लागल्यानंतर अंतर्गत गुणांत फेरफार होत नाही, असे उत्तर आले.

मुलगा पदवीधर झाला, एम.ए.ला आला नाही. सहा गुणांमुळे आला नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नसावे. घरची थोडी जमीन विकली गेली, मोठ्या भावाचे लग्न झाले, हिंजवडीत रात्रपाळीचे काम मिळाले. मागच्या महिन्यात नांद्याच्या फाट्यावर चहाच्या टपरीशी भेटला. तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर रविवारी सकाळी खेळतो म्हणाला, अजून मधल्या फळीतच. मी निबंधाविषयी ओशाळून काही बोलू लागले तर त्याने विषय बदलला आणि खिशातली छोटी वही काढली. गोव्याला जाऊन क्लायमॅक्स लॉरेन्सना भेटायचा त्याचा बेत आहे. आधी पत्र पाठवणार आहे, आणि त्या पत्राची मराठी मी एकदा तपासून द्यावी एवढीच त्याची विनंती. वहीत चौदा प्रश्न लिहिले होते. त्या हैदराबादच्या गोलविषयीचा प्रश्न अकरावा होता. पहिला असा : "चेंडू तुमच्याकडे नसतो तेव्हा तुम्ही कुठे पाहता?"